फ्रिज-एसीच्या लाईनमध्ये उतरायचंय, सुरुवात कुठून करू?

बार्शीकर_२३ | १९ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय २३. बारावी आर्ट्स, पुढे बी.ए.चं एक वर्ष करून सोडलं. सध्या बार्शीत मोबाईलच्या दुकानात आहे, महिन्याला ९,००० मिळतात. घरी दीड एकर आहे पण पाण्याची बोंब, ते दादा बघतो.

आमच्या दुकानाशेजारी एक एसीवाला मिस्त्री बसतो. मार्चपासून बघतोय, दिवसाला तीन-तीन फिटिंग करतो, फोन खाली ठेवायला सवड नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "ये हाताखाली. जेवणखाण माझ्याकडं, पैशाचं सहा महिन्यांनी बघू." मामा म्हणतात आयटीआय कर, दोन वर्षं जातील पण कागद हातात राहील. आणि शहरात एक खाजगी क्लास आहे, तीन महिन्यांचा, फी ३५,०००, बोर्डावर "१००% नोकरी" लिहिलंय.

तिन्हीतलं काय करू? आणि लोक म्हणतात हे काम फक्त उन्हाळ्याचं, पावसाळ्यात माश्या मारत बसावं लागतं. खरं का? या लाईनमधले कुणी असतील तर सांगा.

तिखट_मीठ | १९ एप्रिल, रात्री ११.०५

"१००% नोकरी" लिहिणाऱ्याला एकच विचारा, स्वतःच्या पोराला कुठं चिकटवलंय.

चार_सूत | १९ एप्रिल, रात्री ११.५२

भावा, पिंपरीत चौदा वर्षं हेच करतोय. त्यातली पहिली दोन दुसऱ्याचं सामान वाहण्यात गेली, म्हणून आधीच स्पष्ट सांगतो.

पहिल्या उन्हाळ्यात तुला एसी दुरुस्त करायला कुणी देणार नाही. तू आऊटडोअर (एसीचं बाहेरचं युनिट) खांद्यावर घेऊन चौथा मजला चढशील, कारण सोसायटीचा वॉचमन सामान लिफ्टमधून नेऊ देत नाही. दीड टनाचं आऊटडोअर तीसेक किलोचं असतं. भिंतीला कोअर (पाईपसाठी आरपार भोक) मारशील, नाकातोंडात सिमेंट जाईल. बाकी दिवसभर सर्व्हिस, म्हणजे जेट पंपाने कॉइल आणि ब्लोअर धुणं. खालची ताडपत्रीची पिशवी नीट बांधली नाही की काळं पाणी थेट सोफ्यावर. पहिल्या महिन्यात मी ते दोनदा सांडलं. दुसऱ्या वेळी सोफा धुण्याचे पैसे मालकाने माझ्या पगारातून कापले, आणि बरोबरच केलं.

पण हाच काळ शिकण्याचा. डोळे उघडे ठेव. सगळ्यात आधी फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पाईपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवणं, हातात बसव. सगळं त्यावर आहे. तांब्याचा पाईप कटरने कापायचा, करवतीने नाही. कापल्यावर आतली धार काढायची ती पाईपचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत पडत नाही. मग नट घालायचा आणि मग फ्लेअर करायचा. नट आधी. लिहून ठेव, तरी विसरशील. फ्लेअर वाकडा झाला, चीर गेली किंवा नट पान्याने जीव खाऊन आवळला की सहा महिन्यांनी गॅस गळतो आणि ग्राहक तुझ्या नावाने बोटं मोडतो. शक्यतो टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापर. मिस्त्री हसेल, हसू दे.

मग व्हॅक्यूम. पंप लावून लाईनमधली हवा आणि ओल काढायची असते. सीझनमध्ये घाई असते म्हणून बरेच जण मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात आणि मोकळे होतात. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या मशीनमध्ये जे तेल असतं ते ओल शोषून घेतं, एकदा ओल आत राहिली की कॉम्प्रेसर हळूहळू मरतो. वीस-पंचवीस मिनिटं पंप चालू दे, तोवर ड्रेनचा (पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा) उतार बघ. माझ्या हिशेबाने पाणी गळण्याच्या तक्रारी गॅसच्या तक्रारींपेक्षा जास्त असतात, आणि त्या उताराकडे लक्ष न दिल्यामुळेच येतात.

तुझ्या मिस्त्रीबद्दल. "सहा महिन्यांनी बघू" हे चालणार नाही. माझ्याकडे नव्या हेल्परला ११,००० आणि सीझनचा ओव्हरटाईम देतो, बार्शीत कमी असेल, पण शून्य नसतं. त्याला दोन प्रश्न विचार: पेट्रोल कुणाचं? आणि पडलो तर दवाखाना कुणाचा? उत्तर देताना अडखळला तर समज.

(नावाचा अर्थ विचारतात म्हणून: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, दीड टनाच्या बऱ्याच स्प्लिटचा जाड पाईप. बारीक पाईप दोन सूत. दुकानात सुतात बोललास की तो तुला नवखा समजत नाही आणि भाव सरळ सांगतो.)

बार्शीकर_२३ | २० एप्रिल, सकाळी ७.१५

चार_सूत दादा, रात्री दोनदा वाचलं. खूप आभार. मला दुकानात चार्जिंग सॉकेट बदलणं, सोल्डरिंग, मल्टिमीटर लावून शॉर्ट शोधणं एवढं येतं. त्याचा इथं काही उपयोग होतो का?

चार_सूत | २० एप्रिल, सकाळी ७.३०

आधी का नाही सांगितलंस? आता येणारे बहुतेक एसी इन्व्हर्टर आहेत. आऊटडोअरमध्ये अख्खी पीसीबी (सर्किट बोर्ड) असते आणि आमच्यातले बरेच जण ती बघूनच घाबरतात, बदला म्हणून मोकळे होतात. ग्राहकाला फटका बसतो. ज्याला सोल्डर आणि मीटर येतो त्याला पुण्यात लोक बोर्ड दुरुस्तीला शोधत येतात. मोबाईल सोडलास तरी ती सोल्डरिंगची इस्त्री विकू नको.

फक्त एक. मोबाईलमध्ये चार व्होल्ट असतात. इथे मेन बंद केल्यावरही बोर्डवरच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात. दहा मिनिटं थांबायचं, मीटरने बघायचं, मगच हात.

गेजवाली | २० एप्रिल, दुपारी १.२०

मी याच ट्रेडची निदेशक आहे (कुठल्या आयटीआयत ते विचारू नका, विद्यार्थी इथे फिरतात). थोडी माहिती देते.

ट्रेडचं जुनं नाव मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, सगळे एमआरएसी म्हणतात. आता कागदावर रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन आहे. दोन वर्षांचा, दहावी पास लागते. वयाची कमीत कमी अट १४, वरची अट नाही, त्यामुळे २३ वर्षांचे आहात म्हणून संकोच करू नका. माझ्या एका वर्गात दोन मुलांचे वडील होते, आणि सगळ्यात नीट ब्रेझिंग (ज्योतीने पाईप जोडणं) त्यांचंच असायचं. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाईन, दहावीच्या निकालानंतर, दहावीच्या गुणांवर. शासकीय आयटीआयची फी त्या ३५ हजारांच्या जवळपासही जात नाही. हा ट्रेड सगळीकडे नसतो, म्हणून विकल्प भरताना जिल्ह्याबाहेरचेही टाका.

शेवटी एनटीसी (राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र) मिळतं. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी केलीत तर एनएसी (तिचं राष्ट्रीय प्रमाणपत्र). हे दोन कागद रेल्वे, रुग्णालयं, मोठे कारखाने यांच्या जाहिरातींत मागतात. ग्राहकाच्या घरी ते कुणी विचारत नाही हेही खरं. पुढे शिकायचं मनात आलं तर आयटीआयवरून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

दोन वर्षं काढणं शक्यच नसेल तर पैसे भरून क्लास लावण्याआधी कौशल्य विकास योजनेतला फील्ड टेक्निशियन एअर कंडिशनर हा कोर्स जवळपास कुठे चालू आहे का बघा, मोफत असतो. आणि ज्यांनी हाताखाली काम शिकलंय त्यांच्यासाठी आरपीएल म्हणून मूल्यमापन असतं, आधीच्या कामावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. मार्च २०१९ मध्ये केंद्राने कूलिंग ॲक्शन प्लॅन काढला, त्यात एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. म्हणजे बिनकागदाच्या मिस्त्रींना कागद द्यायची गरज सरकारलाही दिसलेली आहे.

माझं मत: आयटीआय करा, आणि दोन्ही उन्हाळे मिस्त्रीकडे जा. आमच्याकडे थिअरी नीट होते, पण एका मशीनभोवती वीस मुलं उभी असतात. चौथा मजला आम्ही नाही शिकवू शकत.

खिडकीतली_चिमणी | २० एप्रिल, दुपारी ३.४४

धाग्याचा विषय वेगळा आहे, पण एवढे जाणकार एकत्र सापडलेत तर विचारून घेते. आमच्या बेडरूमच्या एसीत बर्फ धरतो म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये मिस्त्री गॅस भरतो, ३,००० घेतो. यंदा तिसरं वर्ष. म्हणतो गॅस संपतोच वर्षाला. असं असतं का?

चार_सूत | २० एप्रिल, दुपारी ४.१०

ताई, नसतं. गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो: आतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो, परत आत येतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस मारणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. तीन वर्षांत तुम्ही ९,००० ओतलेत.

पुढच्या वेळी तीन गोष्टी करा. गळती साबणाच्या पाण्याने शोधून दाखव म्हणा. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, तेवढाच काट्यावर मोजून भर म्हणा. आणि बिलावर किती ग्रॅम ते लिहून घ्या. यातली पहिली गोष्ट ऐकूनच काही जणांना दुसरा कॉल आठवतो.

बर्फ धरतोय म्हणून गॅस कमी, असंही नेहमी नसतं. फिल्टर चोंदला तरी बर्फ धरतो. आधी तो धुऊन बघा.

बार्शीकरा, हे तुझ्यासाठीही. जुना आर-२२ खोलीच्या एसीत सक्शनला (कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो त्या बाजूला) ६०-७० पीएसआय दाबावर चालायचा. आर-३२ आणि आर-४१०ए ला साधारण ११० ते १३० लागतात. जुन्या सवयीचा मिस्त्री गेजवर ७० बघून "फुल" म्हणतो आणि मशीन उपाशी. आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, तो सिलिंडरमधून द्रव रूपातच भरायचा, नाहीतर प्रमाण बिघडतं. आणि नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, पन्नासेक ग्रॅमचा खेळ. तिथे अंदाज चालत नाही, काटाच लागतो.

खिडकीतली_चिमणी | २० एप्रिल, सायंकाळी ६.०२

फिल्टर काढला. फिल्टर कसला, गोधडी होती. धुऊन लावला तर बर्फ बंद! मिस्त्रीला आता फोन करतेच.

झटपट_काम | २१ एप्रिल, सकाळी ९.१८

कशाला एवढं शिकवताय पोराला. काम करत करत येतं सगळं. गळती बघायला नायट्रोजनचा सिलिंडर कोण भाड्याने आणणार? शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन घ्यायचा, लाईनमध्ये प्रेशर मारायचं, साबणाचा फेस लावायचा, पाच मिनिटांचं काम. दहा वर्षं करतोय, काही झालं नाही.

गेजवाली | २१ एप्रिल, सकाळी ९.३१

बार्शीकर, वरचं कधीही, कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन तेलावर आला की ठिणगीचीही गरज लागत नाही, तेल पेट घेतं आणि कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. माणसं गेलेली आहेत यात. लाईनची चाचणी कोरड्या नायट्रोजननेच, आणि तीही सिलिंडरला रेग्युलेटर लावून. रेग्युलेटरशिवाय नायट्रोजनही पाईप फाडतो.

त्याच ओघात अजून एक. आर-६००ए आणि आर-२९० पेट घेणारे गॅस आहेत, आर-३२ सुद्धा सौम्य ज्वलनशील आहे. आत गॅस असताना ब्रेझिंगची टॉर्च (ज्योत) लावायची नाही. गॅस बाहेर काढा, नायट्रोजन फिरवा, खिडक्या उघडा, मग ब्रेझिंग.

तिखट_मीठ | २१ एप्रिल, सकाळी ९.४०

"दहा वर्षं काही झालं नाही" हे हेल्मेट न घालणाराही सांगतो. सांगू शकतो तोपर्यंत.

संपादक मंडळ | २१ एप्रिल, सकाळी १०.१५

झटपट_काम यांचा प्रतिसाद धोकादायक असूनही काढलेला नाही, कारण तो काढला तर खालच्या उत्तराचा संदर्भ लागणार नाही. कृपया तो सल्ला कुणी अमलात आणू नये.

खाडीपलीकडचा | २१ एप्रिल, रात्री ८.५५

माझा मेहुणा ठाण्यात एसीचं काम करायचा. चौथ्या मजल्यावर छज्ज्यावर उतरून आऊटडोअरचा नट सैल करत होता, छज्जा जुना होता. वाचला, पण कंबर गेली. आता दुकानात बसून पार्ट विकतो. त्याच्या गाडीच्या डिकीत बेल्ट होता. दोन मिनिटांचं काम म्हणून घातला नव्हता.

एवढंच सांगायला लिहिलं.

बार्शीकर_२३ | २१ एप्रिल, रात्री ९.३०

वाचून गप्पच झालो. मिस्त्रीकडं बेल्ट आहे का हे उद्या पहिलं विचारतो.

डक्टवाला | २२ एप्रिल, दुपारी १२.४०

आत्तापर्यंत सगळी चर्चा घरगुती स्प्लिटवर चाललीय. या धंद्याचं दुसरं अंगही दाखवतो, मी त्यात आहे (पुण्यात, प्रोजेक्टची कामं).

हिंजवडीतल्या कंपन्या, मोठी रुग्णालयं, मॉल, औषधांचे कारखाने इथे भिंतीवरचा एसी नसतो. तळघरात किंवा गच्चीवर चिलर असतो, तो पाणी साधारण ७ अंशाला थंड करून पाठवतो आणि ते १२ च्या आसपास परत येतं. ते पाणी एएचयूमध्ये (हवा थंड करून ढकलणाऱ्या मोठ्या युनिटमध्ये) जातं, तिथून हवा डक्टने खोल्यांत. हे चालवायला तिन्ही शिफ्टला ऑपरेटर लागतात. आयटीआय झालेल्या पोराला अशा इमारतीची देखभाल करणारी कंपनी घेते. दर तासाला तापमान, दाब, अँपिअर लॉगबुकात लिहायचे. पगार सुरुवातीला डोळे दिपवणारा नसतो, पण पीएफ असतो, ईएसआय असतो, महिन्याच्या महिन्याला खात्यावर येतो आणि पावसाळ्यातही येतो. तुमचा "उन्हाळ्याचंच काम का" हा प्रश्न इथे गळून पडतो.

गरम करायचं कामही याच धंद्यात येतं, आपल्याकडे ते चटकन लक्षात येत नाही. ऑपरेशन थिएटरचं उदाहरण घ्या. हवेतली ओल काढायला ती आधी फार थंड करतात, आणि मग तेवढी थंड हवा रुग्णावर नको म्हणून हीटरने पुन्हा थोडी गरम करतात. हॉटेलं आणि वसतिगृहांत गरम पाण्यासाठी हीट पंप बसतायत. तो म्हणजे उलटा एसीच: बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाण्याला देतो. कॉम्प्रेसर तोच, गॅसचं चक्र तेच. एसी कळला की हीट पंप अर्धा कळलाच.

जाता जाता, कारण मुलाखतीत हटकून विचारतात: एसीचा "टन" म्हणजे त्याचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी क्षमता, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट. मी पदवी घेऊन पहिल्या मुलाखतीला गेलो आणि याच प्रश्नावर ततपप झालो होतो.

इंग्रजीची भीती बाळगू नका, पण मॅन्युअल इंग्रजीतच येतात. रोज एक पान वाचा.

नाशिककर_नाना | २२ एप्रिल, रात्री ९.१०

बाळा, मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला कोल्ड स्टोरेजला तीस वर्षं काढली, आता निवृत्त. या कामाची कुणी आठवण काढत नाही म्हणून लिहितो.

द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. माल बागेतून आला की आधी प्रीकूलिंग. तीस अंशाचा घड काही तासांत चार अंशाच्या आसपास आणायचा, नाहीतर युरोपला पोचेपर्यंत देठ वाळतात आणि अख्खा कंटेनर बोंबलतो. मग शून्य ते एक अंशाच्या खोलीत. रात्री दोन वाजता कॉम्प्रेसरने दम टाकला तर मालक चपला न घालता पळत येतो, मी पाहिलंय.

आमच्याकडं अमोनिया. त्याचं शास्त्र वेगळं. अमोनियाला तांबं चालत नाही, खातो तो तांब्याला, सगळी लाईन लोखंडाची. तुमचं ते फ्लेअर-बिअर इथं नाही, इथं वेल्डिंग आणि व्हॉल्व्ह. पण अमोनियाचा एक गुण आहे, तो चोरून गळत नाही. जरा सुटला की नाकात झिणझिण्या. जास्त सुटला तर मात्र जीव घेतो. मास्क कुठं टांगलाय आणि वारा कुठून कुठं वाहतोय हे कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी बघून ठेवायचं.

तू सोलापूर जिल्ह्यातला. तुझ्या शेजारी तासगाव-सांगलीला बेदाण्याची कोल्ड स्टोरेज किती आहेत बघ, माल वर्षभर ठेवतात. गावोगावी दूध संकलन केंद्रावर बल्क कूलर आहेत, दूध चार अंशाला ठेवणारे. तो बंद पडला की फोन करणाऱ्याला भाव करायलाही वेळ नसतो. जळगावला केळी पिकवायच्या खोल्या. कोकणात मासळीचे बर्फ कारखाने, ते मात्र जून-जुलैत मासेमारीबंदीला थंड. एसीवाला मार्च ते जून धावतो, द्राक्षवाला जानेवारी ते एप्रिल, दूधवाला बारा महिने. दोन हंगाम जोडलेस की वर्ष भरलं. एकट्या मे महिन्यावर संसार उभा करू नको.

शारजाचा_सातारकर | २३ एप्रिल, दुपारी ४.३०

आखाताचा विषय कुणी ना कुणी काढणारच, म्हणून मीच काढतो. इथे एसी टेक्निशियनला काम आहे, पण हेल्पर म्हणून येऊ नका. एनटीसी आणि तीन-चार वर्षांचा अनुभव घेऊन या, पगारात फार फरक पडतो. तुम्ही दहावी पास आहात म्हणजे पासपोर्ट ईसीएनआर (इमिग्रेशन तपासणी न लागणारा) मिळेल. त्यामुळे सरकारी तपासणीची पायरी टळते, पण तिथेच फसवणारे भेटतात. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. गावाकडे दीड-दोन लाख मागणारे आहेत, माझ्याकडूनही घेतले होते.

काम अंगमेहनतीचं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, त्यावरून उन्हाची कल्पना करा. गच्चीवरच्या युनिटचं झाकण साध्या हाताने उघडत नाही.

बार्शीकर_२३ | २३ एप्रिल, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीशी आज बोललो. बेल्ट नाही म्हणाला, "घेऊ की". पेट्रोल त्याचं. पैशाचं विचारलं तर आधी हसला, मग दिवसाला २५० म्हणाला. गेजवाली ताई, ऑनलाईन फॉर्म सुरू झाला की भरतो. तोवर दुकानातून सकाळी सुटी मिळते तेवढा वेळ मिस्त्रीकडं. क्लासवाल्याला फोन करून नोकरी कुठं लावता विचारलं, म्हणाला "आधी ॲडमिशन घ्या मग सांगतो."

तिखट_मीठ, तुमचा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही.

चार_सूत | २३ एप्रिल, रात्री १०.४१

बेल्ट तो "घेऊ की" म्हणाला म्हणजे घेणार नाही. तुझा तू घे. पूर्ण अंगाचा हार्नेस, दोन हुकांचा. कमरेचा पट्टा नको, पडलास तर तोच कंबर मोडतो. आणि हुक आऊटडोअरच्या स्टँडला नाही अडकवायचा, भिंतीतल्या पक्क्या जागी किंवा खोलीच्या आत.

बार्शीकर_२३ | ६ जुलै, रात्री ९.५०

धागा वर काढतोय. सांगायचं होतं.

आयटीआयचा फॉर्म भरला, विकल्पात सोलापूर, पंढरपूर, लातूर, धाराशिव टाकलेत. कुठं हा ट्रेड आहे ते यादीत बघून टाकलं. दहावीला ६१ टक्के आहेत, बघू.

मे महिना मिस्त्रीकडं काढला. हार्नेस पहिल्या आठवड्यात घेतला, मिस्त्री म्हणाला "सर्कशीत चाललास का?" दुसऱ्या आठवड्यात कुर्डुवाडीला तिसऱ्या मजल्यावर काम होतं, तेव्हा तोच म्हणाला "आण तुझं ते इकडं." आता दोघांत एक आहे, दुसरा घ्यायला लावतोय.

पीसीबी एक दुरुस्त केली! आऊटडोअर चालू होत नव्हतं, एरर कम्युनिकेशनचा. मिस्त्री बोर्ड बदलू म्हणाला. मी आधी वायर बघितली, मधे कुणीतरी जोड मारून टेप गुंडाळली होती, पाऊस लागून हिरवी पडलेली. अखंड वायर ओढली, चालू. म्हणजे पीसीबी दुरुस्त केली नाहीच खरं तर, पण ग्राहकाचा खर्च वाचला. त्यांनी मिस्त्रीसमोर मला वेगळे २०० दिले. आठवडाभर मिस्त्री जरा घुश्शात होता.

पाऊस सुरू झाल्यावर एसीचे फोन थांबले, नाना म्हणाले तसंच. मग नानांचं ऐकून वैरागच्या एका दूध संकलन केंद्रावर जाऊन बल्क कूलर बघून आलो. तिथल्या ऑपरेटरने तासभर दाखवला. कंडेन्सर (उष्णता बाहेर सोडणारी कॉइल) इतका बरबटलेला होता की मीच ब्रश मागून साफ केला. बंद पडला तर फोन करतो म्हणाले.

आणि चार_सूत दादा, तुमची माफी. पहिल्या दिवशी मिस्त्रीने पाईप हातात दिला. कटरने कापला, तोंड खाली धरून धार काढली, फ्लेअर इतका सुरेख आला की मिस्त्रीसुद्धा बघत राहिला. मग त्याने शांतपणे विचारलं, "नट कुठंय?"

नट माझ्या खिशात होता.

चार_सूत | ६ जुलै, रात्री ९.५८

माझा पहिला खिडकीबाहेर पडला होता.

नाशिककर_नाना | ७ जुलै, सकाळी ६.१५

बाळा, त्या बल्क कूलरचा कंडेन्सर दर पंधरा दिवसांनी साफ करायला जा, फोनची वाट बघू नको. पैसे पहिल्या दोन वेळा घेऊ नको.

तिखट_मीठ | ७ जुलै, सकाळी ८.०५

नाना, दोन वेळा नको. एकदा बास.